परदेशात सिम आणि डेटा: ठाणे-नवी मुंबईतून निघताना कोणत्या क्रमाने काय करायचं

परदेशी निघालेल्यांची फोनची तयारी बहुतेक वेळा उलट्या क्रमाने होते. आधी पॅक किंवा सिम विकत घेतलं जातं आणि मग कळतं की आपल्या फोनमध्ये ई-सिम (कार्ड न घालता, फोनमध्येच उतरवायचं सिम) चालतच नाही. किंवा बँकॉकला उतरल्यावर नवं सिम घालण्यासाठी भारतातलं सिम काढून पाकिटात ठेवलं जातं, आणि रात्री हॉटेलचे पैसे भरायला गेल्यावर बँकेचा ओटीपी पोचतच नाही. चुका त्याच त्याच आहेत आणि जवळजवळ सगळ्या घरी बसून टाळता येतात.

सुरुवातीला एवढं पक्कं करा. परदेशात फोनकडून आपल्याला दोन वेगळी कामं हवी असतात. पहिलं, भारतातला नंबर चालू ठेवणं: बँकेचे ओटीपी, यूपीआय, व्हॉट्सॲप सगळं त्याच्यावर टांगलेलं असतं. दुसरं, नेट: नकाशा, टॅक्सी, घरी व्हिडिओ कॉल. पहिलं काम कायम भारतातल्या सिमचंच. दुसरं कोणाकडून करून घ्यायचं, एवढाच निवडीचा भाग आहे. या लेखातली प्रत्येक पायरी याच वाटणीवर उभी आहे.

१. आधी फोन तपासा (निघण्याच्या तीन आठवडे आधी)

घरातल्या प्रत्येकाचा फोन वेगळा तपासायचा. मुलाच्या फोनमध्ये ई-सिम चालतं म्हणून आईच्या फोनमध्ये चालेल असं नाही.

डायल पॅडवर *#०६# दाबा. आयएमईआय (फोनच्या ओळखीचे) क्रमांकांबरोबर 'ईआयडी' नावाचा लांबलचक क्रमांक दिसला तर फोनमध्ये ई-सिमची सोय आहे. खात्री करायला सेटिंग्जमध्ये सिमच्या पानावर 'ॲड ई-सिम' हा पर्याय आहे का ते पाहा. आयफोनमध्ये एक्सएस आणि एक्सआर या २०१८ च्या मॉडेलपासून ही सोय आली. सॅमसंगच्या महागड्या एस मालिकेत ती अलीकडच्या बहुतेक फोनमध्ये आहे. मधल्या किमतीच्या अँड्रॉइड फोनमध्ये मात्र काहीच गृहीत धरू नका. नातेवाइकांनी चीनमधून आणलेल्या आयफोनमध्ये सहसा ई-सिम नसतं. उलट अमेरिकेत घेतलेल्या आयफोन १४ आणि त्यापुढच्या फोनना सिमचा ट्रेच नसतो, म्हणजे विमानतळावर मिळणारं साधं सिम त्यांच्या काही कामाचं नाही.

मग ट्रे बाहेर काढून बघा. दोन सिमच्या जागा आहेत, की दुसरी जागा सिम आणि मेमरी कार्ड यांच्यात वाटून घ्यायची आहे? मेमरी कार्ड असेल तर फोटो आताच दुसरीकडे उतरवून ठेवा. विमानतळावर रांगेत उभं राहून हा निर्णय घेताना कार्ड हरवतं.

परदेशातून भेट आलेला फोन असेल तर तो तिकडच्या कंपनीशी लॉक केलेला असू शकतो. आयफोनमध्ये सेटिंग्ज, जनरल, अबाउट इथे खाली 'कॅरियर लॉक' समोर 'नो सिम रिस्ट्रिक्शन्स' असं लिहिलेलं हवं. इतर फोनसाठी सोपी परीक्षा म्हणजे शेजाऱ्याचं दुसऱ्या कंपनीचं सिम दोन मिनिटं घालून पाहणं.

सावध: आजी-आजोबांकडे फक्त टू-जीवर चालणारा बटणांचा फोन असेल तर तो घरीच ठेवा. सिंगापूरने टू-जी २०१७ मध्येच बंद केलं, जपानने त्याच्याही आधी. ऑस्ट्रेलियात तर २०२४ मध्ये थ्री-जीसुद्धा गेलं, आणि अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी ते २०२२ मध्ये बंद केलं. या देशांत फोनला फोर-जीवरून कॉल करता यायला हवा, म्हणजे व्होल्टे (VoLTE) ही सोय हवी.

२. भारतातलं सिम परदेशासाठी तयार करा (निदान दहा दिवस आधी)

ही पायरी सगळ्यात जास्त वगळली जाते, आणि नुकसानही सगळ्यात जास्त इथेच होतं. 'मी तिकडे ई-सिम घेणार आहे, मग इथलं कशाला बघू?' असं वाटतं. इथलं बघायचं ते ओटीपीसाठी.

(क) नंबर कोणाच्या नावावर आहे ते पाहा. वडिलांच्या फोनमधलं सिम मुलाच्या नावावर आणि मुलगा पुण्याला, असं अनेक घरांत असतं. सिम बदलायचं ठरलं तर ज्याच्या नावावर नंबर आहे त्यालाच ओळखपत्र घेऊन कंपनीच्या अधिकृत स्टोअरमध्ये जावं लागतं. नाक्यावरच्या रिचार्जच्या दुकानात हे काम होत नाही.

(ख) इंटरनॅशनल रोमिंग चालू करून घ्या. कंपनीच्या ॲपमध्ये ही सोय असते. प्रीपेडवाल्यांनी एक प्रश्न स्टोअरमध्ये किंवा ॲपच्या चॅटवर स्पष्ट विचारावा: 'मला तिकडे फक्त एसएमएस यायला हवेत, डेटा नको, तर कमीत कमी कोणतं रिचार्ज लागेल?' परदेशात येणाऱ्या एसएमएसला साधारणपणे पैसे पडत नाहीत, पण त्यासाठी रोमिंग चालू असावं लागतं, आणि ते चालू ठेवण्यासाठी काय हवं हे प्रत्येक कंपनीचं वेगळं आहे. उत्तराचा स्क्रीनशॉट काढून ठेवा.

(ग) भारतातल्या मूळ प्लॅनची मुदत परतीच्या तारखेच्या पुढे हवी. प्लॅन मध्येच संपला तर येणारे एसएमएसही थांबू शकतात. परतीचं विमान उशिरा सुटू शकतं, म्हणून आठवडाभर जास्तीचा धरा.

(घ) सिम खराब झालंय किंवा ते ई-सिम करून घ्यायचंय असं असेल तर ते आत्ता करा, आदल्या दिवशी नको. सिम बदललं की सुरक्षिततेसाठी पहिले २४ तास त्यावर एसएमएस येणं-जाणं बंद ठेवलं जातं. यूपीआयचं ॲप नव्याने जोडावं लागलं तर पहिल्या दिवशी रकमेवरही मर्यादा असते. गुरुवारी सिम बदलून शुक्रवारी पहाटे विमानात बसलेल्या माणसाला दुबईत ओटीपी येत नाही, यात सिमचा दोष नसतो.

(ङ) बँकेच्या ॲपमध्ये जाऊन कार्डाचा परदेशातला वापर चालू करा. २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने कार्डं मुळात फक्त भारतापुरती चालू असतात. बाहेरचा वापर, दुकानातला आणि ऑनलाइन दोन्ही, आपण स्वतः चालू करायचा असतो. सिमच्या काउंटरवर कार्ड नाकारलं जाण्याचं हे नेहमीचं कारण आहे. बँक ओटीपी ई-मेलवरही पाठवत असेल तर तीही सोय घ्या.

यूपीआय तिकडे वापरणार असाल तर ॲपमधला आंतरराष्ट्रीय पर्याय इथेच चालू करा. सिंगापूर, संयुक्त अरब अमिराती, नेपाळ, भूतान, श्रीलंका, मॉरिशस, फ्रान्स अशा देशांत काही ठिकाणी तो चालतो. पण ॲप काढून पुन्हा घालण्याचा किंवा फोन बदलण्याचा प्रयोग तिकडे करू नका. ॲप जोडताना सिममधून एक एसएमएस बाहेर जावा लागतो आणि परदेशात तो बऱ्याचदा अडकतो.

तपासणी: दुसऱ्या कोणाला तरी या नंबरवर एसएमएस पाठवायला सांगा. आला का? बँकेच्या ॲपमध्ये एक छोटा व्यवहार करून ओटीपी येतो का पाहा. इथे येत नसेल तर तिकडे येणार नाही.

३. नेट कुठून घ्यायचं ते ठरवा

पर्याय तीन आहेत आणि कुठलाही सगळ्यांसाठी योग्य नाही.

भारतीय कंपनीचा रोमिंग पॅक. सर्वांत कमी कटकटीचा. सिम तेच, नंबर तोच, ट्रे उघडायला नको. डेटा मात्र तुलनेने महाग आणि मोजका. टूर कंपनीसोबत युरोपच्या किंवा दुबईच्या ग्रुप टूरला निघालेल्या साठीपुढच्या जोडप्याला मी डोळे मिटून हाच सांगते. त्यांना दिवसाकाठी थोडं व्हॉट्सॲप आणि गरज पडली तर टूर लीडरला फोन लागणार. चार पैसे वाचवायला त्यांच्या हातात सेटिंग्जची दोन पानं देणं बरोबर नाही.

प्रवासी ई-सिम. फोनमध्ये सोय असेल आणि माणूस स्वतः सेटिंग्ज हाताळत असेल तर उत्तम. भारतातलं सिम जागेवर राहतं, नेट ई-सिमवर चालतं. बहुतेक ई-सिम फक्त डेटाची असतात. त्यांच्यावर नंबर नसतो, म्हणून हॉटेलला साधा फोन लावता येत नाही. हॉटेलवर इंटरनेट कॉल चालत नसेल तर भारतातल्या सिमवरून रोमिंगच्या दराने लावावा लागेल, एवढी तयारी ठेवा.

तिथलं स्थानिक सिम. लांब मुक्कामाला, जास्त डेटाला आणि जिथे स्थानिक नंबर लागतो तिथे. दर सहसा सगळ्यात परवडणारे, विमानतळापेक्षा शहरातल्या दुकानात आणखी कमी. पण उतरल्या उतरल्या नेट नसतं आणि काउंटरवर वेळ जातो.

माझा सल्ला असा की चौघांच्या कुटुंबात एकाकडे मोठा डेटा आणि बाकीच्यांना हॉटस्पॉट, ही योजना करू नये. बाजारात माणसं पांगतात, हॉटस्पॉटवाल्याची बॅटरी दुपारीच संपते, आणि काही पॅकमध्ये हॉटस्पॉटला परवानगीच नसते. निदान दोन मोठ्या माणसांकडे स्वतंत्र नेट हवंच.

सावध: भारतात बसून परदेशी सिम किंवा ई-सिम घेताना विक्रेत्याकडे दूरसंचार विभागाची परवानगी आहे का ते बघा. जानेवारी २०२४ मध्ये अशी परवानगी नसल्याच्या कारणावरून एअरालो आणि होलाफ्लाय ही दोन प्रसिद्ध ॲप भारतातल्या ॲप स्टोअरमधून हटवली गेली होती. समाजमाध्यमावरच्या जाहिरातीतून क्यूआर कोड विकत घेऊ नका.

४. देशाप्रमाणे पॅक पडताळा

पॅकवर 'युरोप' लिहिलंय एवढ्यावर जाऊ नका, देशांची यादी उघडून प्रत्येक मुक्कामाचं नाव शोधा. आपल्याकडच्या युरोप टूरमध्ये स्वित्झर्लंड हटकून असतं, आणि घोळ नेमका तिथेच होतो. युरोपीय संघात २०१७ पासून एका देशाचं सिम दुसऱ्या देशात त्याच दराने चालतं. पण स्वित्झर्लंड संघात नाही आणि ब्रिटन बाहेर पडलं आहे. पॅरिसला घेतलेलं सिम इंटरलाकेनला गप्प होऊ शकतं. लंडनपासून सुरू होणारी टूर असेल तर तिन्ही नावं यादीत हवीत: ब्रिटन, स्वित्झर्लंड आणि संघातले देश.

संयुक्त अरब अमिरातीत स्थानिक नेटवर व्हॉट्सॲपचे संदेश जातात, कॉल मात्र अडवले जातात. भारतीय सिमच्या रोमिंगवर डेटा सहसा भारतातून फिरून येतो, त्यामुळे तिथे कॉल बहुतेक वेळा लागतो. दुबईहून रोज नातवंडांना व्हिडिओ कॉल करायचा असेल तर रोमिंग पॅक हे त्याचं सरळ उत्तर.

चीनमध्ये हेच अधिक कडक. तिथल्या सिमवर व्हॉट्सॲप, गूगल, जीमेल काहीच उघडत नाही. कामासाठी शांघायला निघालेल्यांनी भारतीय रोमिंग किंवा बाहेरून डेटा आणणारं प्रवासी ई-सिमच घ्यावं.

नेपाळ आणि भूतान जवळ असले तरी परदेशच. भारतातला प्लॅन तिथे चालत नाही, वेगळा रोमिंग पॅक किंवा तिथलं सिम लागतं. नेपाळमध्ये एनसेल आणि नेपाळ टेलिकॉम, भूतानमध्ये ताशीसेल आणि बी-मोबाइल.

जपानमध्ये पर्यटकांना मिळणारी सिम बहुतांशी फक्त डेटाची असतात, हे ठाऊक असलं की काउंटरवर वाद होत नाही.

क्रूझवाल्यांसाठी: जहाज किनारा सोडून गेलं की फोन जहाजाचं उपग्रह नेटवर्क पकडतो. ते कुठल्याही देशाच्या पॅकमध्ये येत नाही आणि दर भयंकर असतात. जहाजावर फोन फ्लाइट मोडमध्ये ठेवून फक्त वायफाय चालू करायचं. विमानातल्या नेटवर्कचंही तेच, त्याचे पॅक वेगळे विकले जातात.

पॅक सुरू कधी होतो हेही वाचा. काही पॅक रिचार्ज केल्या क्षणी सुरू होतात, काही परदेशी नेटवर्क पकडल्यावर. दुसऱ्या प्रकारात अमेरिकेला जाताना दोहा किंवा अबू धाबीला फ्लाइट मोड काढला की तिथेच मुदत मोजायला लागते.

'अनलिमिटेड' या शब्दाखालची बारीक ओळ वाचा. बहुतेक वेळा रोजच्या ठरावीक डेटानंतर वेग खाली येतो. व्हॉट्सॲपचा व्हिडिओ कॉल तासाला काहीशे एमबी घेतो आणि चांगल्या दर्जाचा व्हिडिओ तासाला एक जीबी सहज ओलांडतो. नकाशा मात्र फारच कमी खातो. हॉटेलचं वायफाय गृहीत धरून आठवड्याला तीन ते पाच जीबी एका माणसाला पुरतात. टॅक्सीत बसून रील बघणाऱ्या मुलांचा हिशोब वेगळा करा.

५. घरच्या वायफायवर बसून करायची कामं (दोन दिवस आधी)

ई-सिम फोनमध्ये उतरवायला नेट लागतं. म्हणजे ते घरीच उतरवायचं, सहारला जाताना टॅक्सीत नाही. क्रम असा:

विक्रेत्याने पाठवलेला क्यूआर कोड दुसऱ्या फोनवर उघडा किंवा छापून घ्या. आपल्याच फोनच्या पडद्यावरचा कोड आपल्याच फोनच्या कॅमेऱ्याने स्कॅन होत नाही. सिमच्या पानावरून 'ॲड ई-सिम' निवडून स्कॅन करा. उतरलं की त्याला 'थायलंड' किंवा 'युरोप' असं नाव द्या, नाहीतर दोन सिममध्ये गोंधळ होतो. आणि मग ती ई-सिमची लाइन बंद करून ठेवा. पॅक उतरवल्यापासूनच सुरू होणारा असेल तर फक्त हे काम निघायच्या दिवशी, पण घरच्याच वायफायवर.

सावध: उतरवलेलं ई-सिम काढून टाकू नका. नीट चालत नाहीये असं वाटून लोक ते डिलीट करतात आणि पुन्हा स्कॅन करतात. बहुतेक क्यूआर कोड एकदाच चालतात, दुसऱ्यांदा नवा विकत घ्यावा लागतो.

बाकीची कामं अशी. गूगल मॅप्सवर मुक्कामाच्या शहरांचे नकाशे ऑफलाइन उतरवा. हॉटेलचे पत्ते, तिकिटं, व्हिसा, पासपोर्टचं पान हे फोनमध्ये साठवा आणि एक कागदी प्रतही घ्या. ग्रॅब, उबर अशी तिकडची ॲप आत्ताच घालून भारतातल्या नंबरवर नोंदणी करा, म्हणजे ओटीपी इथेच संपतो. गूगल फोटो किंवा आयक्लाउडचा बॅकअप आणि ॲपचे अपडेट 'फक्त वायफायवर' ठेवा. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये रोमिंगमधलं फोटो-व्हिडिओंचं आपोआप उतरणं बंद करा. सोसायटीच्या ग्रुपवरचे सुप्रभातचे व्हिडिओ पॅक संपवतात, हे अक्षरशः खरं आहे.

सिमचा ट्रे उघडायची पिन पाकिटात ठेवा. स्टेपलरची पिन चालते असं म्हणतात, पण तिने ट्रे बिघडतो.

६. निघताना आणि विमानात

घरातून निघताना भारतातल्या सिमचं डेटा रोमिंग बंद करा. रोमिंग पॅक घेतला असेल तर उतरल्यावर चालू करायचं. आयफोनमध्ये 'अलाऊ सेल्युलर डेटा स्विचिंग' आणि अँड्रॉइडमध्ये त्याच अर्थाचा डेटा आपोआप दुसऱ्या सिमवर नेणारा पर्याय शोधून बंद करा. हे बटण चालू राहिलं तर ई-सिमची रेंज गेल्यावर फोन गुपचूप भारतीय सिमवरून डेटा ओढतो.

विमानात बसलं की फ्लाइट मोड, आणि मधल्या थांब्यावरही फक्त विमानतळाचं वायफाय.

७. उतरल्यावर, याच क्रमाने

विमान थांबलं की घाईने फ्लाइट मोड काढला जातो आणि मग सेटिंग्ज शोधल्या जातात. आधी सेटिंग्ज.

ई-सिमवाल्यांनी:
पहिलं, फ्लाइट मोडमध्येच सिमचं पान उघडून ई-सिमची लाइन चालू करा.
दुसरं, मोबाइल डेटासाठी ई-सिम निवडा.
तिसरं, ई-सिमचं डेटा रोमिंग चालू करा. हे ऐकायला उलटं वाटतं, पण प्रवासी ई-सिम तिकडे रोमिंगवरच चालतं. 'रोमिंग म्हणजे बिल' या भीतीने लोक ते बंद ठेवतात आणि नेट येत नाही म्हणून विक्रेत्याला दोष देतात.
चौथं, भारतीय सिमचं डेटा रोमिंग बंद आहे ना, पुन्हा पाहा. सिम मात्र चालू.
पाचवं, फ्लाइट मोड काढा आणि दोन-चार मिनिटं थांबा.

रोमिंग पॅकवाल्यांनी फक्त डेटा रोमिंग चालू करून फ्लाइट मोड काढायचा. पॅक लागू झाल्याचा एसएमएस येईपर्यंत नेट वापरू नका.

तपासणी: वायफाय बंद करून एक पान उघडा. उघडलं का? आता घरच्यांना भारतातल्या नंबरवर एसएमएस पाठवायला सांगा. दोन्ही झालं तरच विमानतळाबाहेर पडा.

व्हॉट्सॲपने 'तुमचा नंबर बदलला आहे का' असं विचारलं तर नाही म्हणा. नंबर तोच ठेवायचा, नेट कुठल्याही सिमचं असलं तरी व्हॉट्सॲपला चालतं. पण सिम फोनमध्ये राहू द्या. मेसेजिंग ॲप फोनमधल्या सिमशी बांधलेली असावीत असे निर्देश दूरसंचार विभागाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिले आहेत, त्यामुळे सिम काढून ठेवण्याची सवय आता आणखी महागात पडू शकते.

अनोळखी भारतीय नंबरवरून कॉल आला तर उचलू नका. पॅकमध्ये मिनिटं नसतील तर येणाऱ्या कॉललाही पैसे पडतात, आणि कर्ज विकणाऱ्याला तुम्ही कुठे आहात हे माहीत नसतं.

८. काउंटरवरून स्थानिक सिम घेताना

पासपोर्ट हातात ठेवा. थायलंड, सिंगापूर, व्हिएतनाम अशा बहुतेक ठिकाणी त्याशिवाय सिम मिळत नाही. थायलंडमध्ये एआयएस आणि ट्रू, सिंगापूरमध्ये सिंगटेल, स्टारहब आणि एम-वन, श्रीलंकेत डायलॉग आणि मोबिटेल, व्हिएतनाममध्ये व्हिएटेल, अशी मूळ कंपनीची पाटी असलेला काउंटर शोधा. रस्त्यावर आधीच कोणाच्या तरी नावाने चालू केलेलं सिम घेऊ नका, कारण ते कधीही बंद पडतं आणि नावही तुमचं नसतं.

विचारायचे प्रश्न एवढेच: किती दिवस, किती डेटा, तो संपल्यावर वेग कमी होतो की नेट बंद, आणि हॉटस्पॉट चालतो का. विक्रेत्याला सिम घालू द्या, पण भारतीय सिम कुठल्या जागेत राहतंय ते नीट बघा. एकाच सिमचा फोन असेल तर भारतीय सिम काढून त्याच क्षणी नव्या सिमच्या कार्डावर चिकटपट्टीने लावा आणि पासपोर्टच्या पाकिटात ठेवा. हॉटेलवर पोचलं की ओटीपी लागणारी कामं एकदम उरकायला ते रोज रात्री थोडा वेळ परत घालता येतं.

काउंटर सोडण्याआधी स्वतःच्या हाताने नेट चालवून बघा. पाठीमागे दहा माणसं असली तरी.

९. नेट आलं नाही तर

याच क्रमाने, प्रत्येक पायरीनंतर दोन मिनिटं थांबून:
डेटासाठी बरोबर सिम निवडलंय का, आणि त्याचं डेटा रोमिंग चालू आहे का.
फ्लाइट मोड चालू-बंद.
फोन बंद करून चालू.
नेटवर्क निवड 'ऑटोमॅटिक' वरून काढून पॅकमध्ये दिलेली कंपनी हाताने निवडा. रोमिंग पॅक त्या देशातल्या ठरावीक कंपनीवरच चालतो आणि फोनने दुसरीच पकडलेली असू शकते.
विक्रेत्याच्या ई-मेलमध्ये दिलेला एपीएन (फोनला कंपनीच्या नेटशी जोडणारं नाव) सेटिंग्जमध्ये हुबेहूब टाका.
यानंतरच वायफायवरून ग्राहक सेवेशी चॅट.

'रिसेट नेटवर्क सेटिंग्ज' शेवटपर्यंत दाबू नका. काही फोनमध्ये त्याबरोबर ई-सिमही काढून टाकण्याचा पर्याय येतो, आणि घाईत तोही दाबला जातो.

१०. मुलांकडे सहा महिने राहायला निघालेले आईबाबा

ठाणे-नवी मुंबईतल्या किती घरांतून आईबाबा बाळंतपणासाठी किंवा नातवंडांसाठी अमेरिकेला जातात, म्हणून हे वेगळं लिहिते. आठ दिवसांच्या सहलीचे नियम त्यांना पुरत नाहीत.

नेटची बाजू सोपी आहे. मुलाच्या फॅमिली प्लॅनमध्ये एक लाइन वाढवून घ्यायची किंवा तिथलं प्रीपेड सिम घ्यायचं. स्थानिक नंबर हवाच, कारण डॉक्टर आणि शेजारी यांच्यासाठी तो लागतो. फोन तिथे व्होल्टेवर चालतो का हे मात्र जाण्याआधी मुलाकडून त्या कंपनीच्या पानावर आयएमईआय टाकून तपासून घ्या.

अवघड बाजू भारतातल्या नंबरची. पेन्शनचं खातं, मुदत ठेवी, आधार, डीमॅट सगळं त्याच्यावर. सलग ९० दिवस सिमचा काहीच वापर झाला नाही आणि शिल्लक २० रुपयांच्या खाली असेल तर कंपनी नंबर बंद करू शकते. बंद झालेला नंबर पुढे ९० दिवसांनी दुसऱ्या माणसाला दिलाही जाऊ शकतो. मग त्यांच्या बँकेचे संदेश परक्याच्या फोनवर. म्हणून निघण्याआधी वर्षभराचं रिचार्ज करा. २०२५ च्या सुरुवातीपासून डेटा नसलेले, फक्त कॉल आणि एसएमएसचे लांब मुदतीचे प्लॅन मिळतात, ते यासाठी पुरेसे आहेत. त्यावर रोमिंग चालू राहील ना, हे मात्र दुसऱ्या पायरीतल्या प्रश्नाप्रमाणे विचारून घ्या.

ते सिम त्यांच्याच फोनच्या दुसऱ्या जागेत, चालू स्थितीत, डेटा रोमिंग बंद करून. भारतात धाकट्या भावाकडे सिम ठेवून 'ओटीपी आला की सांग' ही पद्धत सोडा. ओटीपी फोनवर सांगायची सवय लागली की फसवणाऱ्यालाही तो सांगितला जातो, आणि रात्री-अपरात्री भाऊ झोपलेला असतो.

जाण्याआधी त्यांच्याच हाताने एकदा सगळं करून घ्या: कुठल्या सिमवरून कॉल लावायचा, ओटीपी कुठे दिसतो, फ्लाइट मोड कुठे आहे. सेटिंग्जच्या पानांचे स्क्रीनशॉट मोठ्या अक्षरांत छापून त्यावर मराठीत बाण काढून द्या. व्हिडिओ कॉलवर समजावण्यापेक्षा तो कागद जास्त उपयोगी पडतो.

११. परतल्यावर

मुंबईत उतरल्यावर 'नेट गेलं' अशी तक्रार येते, कारण डेटासाठी अजून परदेशी सिम निवडलेलं असतं. मोबाइल डेटा भारतीय सिमवर आणा आणि ई-सिमची लाइन बंद करा. डिलीट करायला घाई नको. त्या देशात पुन्हा जायचं असेल तर काही ई-सिमवर पॅक पुन्हा भरता येतो.

पोस्टपेडवाल्यांनी पुढचं बिल ओळ न ओळ वाचा आणि पॅकच्या बाहेरचा आकार दिसला तर स्क्रीनशॉटसह लगेच तक्रार नोंदवा. कार्डांचा परदेशातला वापर बँकेच्या ॲपमधून बंद करा. व्हॉट्सॲपचं फोटो उतरवणं, बॅकअप आणि डेटा स्विचिंग ही बटणं हवी तशी पूर्ववत करून घ्या.